आमच्या जिन्यातलं टपालखातं

हे घडलं एकोणीसशे एकाहत्तर साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण धाकटीचे पुढचे दोन्ही दात त्याच वर्षी पडले होते. त्या सुट्टीतला आमच्याकडे एकच फोटो आहे आणि त्यात ती ओठ घट्ट मिटून, गाल फुगवून फौजदारासारखी उभी आहे. बाकीचे दोघं तिच्या मागे आहेत आणि भिंतीवर लाल पेटी आहे. त्या पेटीचीच ही गोष्ट.

मुलांना सहा आठवड्यांची सुट्टी लागली आणि नेमक्या त्याच सोमवारी ह्यांनी महिनाभराची रजा टाकली. हे म्हणजे आमचे यजमान. वजनमाप खात्यात होते. मापांची जड पेटी घेऊन दुकानोदुकानी हिंडायचं, तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. दिवसभर पायपीट. खात्याची वरची परीक्षा पास झालं की खुर्ची, पंखा आणि दारावर नावाची पाटी मिळत असे. दोनदा देऊन झाली होती. तिसरी संधी शेवटची, कारण पुढच्या वर्षी वय उलटणार होतं. पाटी ह्यांच्यापेक्षा मला जास्त हवी होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. धाकट्या जावेच्या दारावर ती तीन वर्षांपूर्वीच लागली होती आणि ती दर भेटीत मला दारापर्यंत पोहोचवायला येत असे.

घर दोन खोल्यांचं, शिवाय स्वयंपाकघर. एका खोलीत ह्यांचं टेबल लागलं. उरलेल्या जागेत तीन मुलं. थोरली अकरा वर्षांची, नियमांची भारी आवड. मधला नऊ वर्षांचा, आवाजाची आवड. धाकटी सहा वर्षांची, त्या दोघांना जे आवडेल त्याची आवड. मी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं की परीक्षा होईपर्यंत या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. ह्यांनी स्वतः आवाजाबद्दल कधी तक्रार केली नव्हती. मधल्याने ताटावर चमचा वाजवला तर हे आतून बोटांनी टेबलावर ठेका धरायचे. माणूस किती सोशिक आहे, असं मला त्या वेळी वाटायचं.

मुलांना गप्प बसवायचं म्हणजे गुंतवायचं, आणि कसं गुंतवायचं हे ज्यांची मुलं कधीच मोठी होऊन पांगली आहेत त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. गल्लीपलीकडच्या, समोरच्या बैठ्या घरातल्या मावशींनी सांगितलं, मोजायला काहीतरी द्या. तळमजल्यावरच्या शिवणबाईंनी लगेच बरणीभर बटणं आणून दिली. रंगाप्रमाणे वेगळी करा, दोन दिवस आवाज निघणार नाही, अशी हमी दिली. पाऊण तास खरंच निघाला नाही. मग धाकटीने एक निळं बटण नाकात घातलं. ते कितपत आत जातं हे पाहण्यासाठी, असं तिने डॉक्टरांना समजावून सांगितलं. डॉक्टरांनी चिमट्याने बटण काढून माझ्या हातावर ठेवलं आणि मला विचारलं, घरी लक्ष द्यायला कुणी मोठं माणूस नसतं का?

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी वेळापत्रक करून दिलं. पाच रंगांच्या शाईत, अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटी. त्यात 'मुक्त निरीक्षण' नावाचा एक तास होता. मधल्याने त्या तासात मुंग्यांचं निरीक्षण केलं आणि त्यांची सोय व्हावी म्हणून साखरेचा डबा कपाटामागे उपडा केला. वेळापत्रक तिसऱ्या दिवशी संपलं. मुंग्या पुढच्या वर्षापर्यंत होत्या.

आठवडा असा गेला. आठव्या दिवशी मी अगदी टेकीला आले होते, तेव्हा थोरलीने येऊन कानात सांगितलं की आम्ही पोस्ट-पोस्ट खेळतो. बुटाचं खोकं घेऊन तिने जिन्याच्या वळणावर ठेवलं. मी तत्परतेने एक नियम घालून दिला: टपालखात्यात बोलणं सक्त मना, जे काय सांगायचं ते लिहून. मला वाटलं, अर्धा दिवस चालेल.

ते तीन आठवडे चाललं. घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. थोरली पोस्टमास्तर, मधला बटवडा करणारा, धाकटी शिक्के मारणारी. शिक्का बाटलीच्या बुचाचा. मधल्याने त्यावर ब्लेडने चांदणी कोरली होती, आणि बोटही. तिकिटं थोरलीने रंगवली, एका तिकिटाला एक बटण. बरणी अशी सत्कारणी लागली. थोरली प्रत्येक पत्राची वहीत नोंद करी. अनुक्रमांक, वेळ, कुणाचं, कुणाला, शेरा.

आता आमच्या इमारतीत एक जुनं प्रकरण होतं. हेडमास्तर आपल्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत आणि ते पाणी शिवणबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडे. चार वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. पोस्ट सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शिवणबाईंनी तीन बटणांचं पाकीट टाकलं. हेडमास्तरांनी त्यातल्या चुका लाल शाईत दुरुस्त करून ते परत पाठवलं. त्याला बाईंचं उत्तर गेलं. आठवड्याअखेर दोघांचीच मिळून रोज सहा पत्रं होऊ लागली आणि मधला जिने चढून उतरून इतका दमू लागला की रात्री जेवतानाच पेंगायचा. दोघांनाही मी मनोमन दुवा दिला.

पण मोठी माणसं खेळात शिरली की खेळ राहत नाही. हेडमास्तरांनी चौदा कलमांची नियमावली लिहिली. 'तिकीट नसलेले पत्र पाठवणाऱ्यास परत करावे. पाठवणाऱ्याचा वा घेणाऱ्याचा पत्ता न लागल्यास बेवारस खात्यात जमा करावे' हे कलम नववं. ते लक्षात ठेवा. शिवणबाईंनी खांद्याला अडकवायच्या खाकी पिशव्या आणि टोप्या शिवल्या. गल्लीतल्या सुताराने फळ्यांची पेटी ठोकून दिली, वर उतरतं छप्पर, पुढे फट, खाली कुलपाचं दार. ह्यांनी ती पाहिली आणि पुस्तक मिटलं. दुपारभर गॅलरीत बसून पेटीला लाल रंग दिला, वाळल्यावर दुसरा हात दिला, पांढऱ्या रंगात 'पेटी उघडण्याची वेळ सकाळी ९ व सायंकाळी ५' असं लिहिलं. मी दोनदा येऊन अभ्यासाची आठवण केली. शीळ घालत होते, मला पाहून थांबले.

शेवटची सूचना मावशींची. त्यांचे गुडघे दुखत, जिन्याच्या वळणापर्यंत चढवत नसे. पेटी खाली फाटकाच्या भिंतीवर लावा म्हणाल्या. लावली. रस्त्याच्या बाजूला.

पुढचं सगळं या भिंतीमुळे झालं. रस्त्याने जाणारा माणूस लाल पेटी दिसली की पत्र टाकतो. ती कुणाची आहे हे विचारत बसत नाही. पत्रं येऊ लागली, खरी तिकिटं लावलेली. आमची चांदणीची तिकिटं त्यांवर नव्हती, पाठवणारे कोण ते ठाऊक नव्हतं. कलम नऊ. थोरलीने ती शिस्तीत नोंदवून बुटाच्या खोक्यात, म्हणजे बेवारस खात्यात, जमा केली आणि ते खोकं पेटीच्याच खालच्या कप्प्यात ठेवलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. घरात कुणी बोलत नव्हतं ना.

शुक्रवारी सकाळी टपालखात्याचे निरीक्षक आले. सोबत आमच्या भागाचा पोस्टमन होता. सायकल धरून उभा राहिला, माझ्याकडे बघेना. निरीक्षकांनी पेटी उतरवली, अधिकार नसताना टपालपेटी बसवल्याबद्दल पंचनामा केला आणि पंच म्हणून हेडमास्तरांनाच सही करायला लावली. हेडमास्तरांनी पंचनाम्यातल्या दोन ओळी दुरुस्त केल्या आणि सही केली. नियमावली त्यांनीच लिहिली होती हे काही बोलले नाहीत. चालकाचं नाव विचारल्यावर थोरली पुढे झाली. निरीक्षकांनी तिच्या टोपीकडे पाहिलं आणि माझं नाव लिहिलं. अख्खी गल्ली गॅलऱ्यांमध्ये उभी होती. जन्मात कधी पोलिसाला वाट विचारायची वेळ आली नव्हती, आणि आता माझ्या नावाचा पंचनामा.

पेटी सायकलच्या मागे बांधून गेली. मी थोरलीला स्वयंपाकघरात घेतलं आणि त्यात काय काय होतं ते विचारलं. तिने वही उघडून कुजबुजत वाचायला सुरुवात केली. अनुक्रमांक एकशे तीन मी तिला पुन्हा वाचायला लावला.

"बुधवार, सायंकाळी पाच. मोठं लांबट पाकीट. घेणार, परीक्षा विभाग, वजनमाप कचेरी. पाठवणार, लिहिलेलं नाही. आमचं तिकीट नाही. शेरा, बेवारस."

ह्यांचा फॉर्म. शनिवारी दुपारी बाराच्या आत पोहोचायला हवा होता, नाहीतर तिसरी संधी गेली. वर छापलेलं होतं की अर्ज टपालानेच यावा, समक्ष आणून दिल्यास घेतला जाणार नाही. मी खोलीत डोकावले आणि शक्य तितक्या सहज विचारलं, फॉर्म टाकलात ना?

"टाकला," हे म्हणाले. मान पुस्तकात.

"कुठे?"

"पेटीत."

मी दार हळूच लोटून घेतलं. एवढ्या अभ्यासाच्या तंद्रीत बिचाऱ्याला पेटीतला फरकही कळला नाही, मला भरून आलं. हे त्यांना सांगायचं नाही असं ठरवलं. खचतील. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, ओळखीचा माणूस गाठा. शिवणबाई म्हणाल्या, रडा. हेडमास्तरांनी तीन प्रतींत अर्ज लिहून दिला. तो नीट वाचल्यावर कळलं की त्यात त्यांनी स्वतःच्या नियमावलीची एक प्रत परत मागितली आहे.

मुलांना ठेवणार कुठे? तिघांना घेऊन टपालकचेरीत गेले. पहिल्या खिडकीने तिसरीकडे पाठवलं. तिसरीने सांगितलं, जप्त माल पाचवीकडे. पाचवीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी होती आणि पाटीमागे माणूस काहीही न जेवता बसला होता. सुट्टी संपल्यावर त्याने सांगितलं की मुद्देमाल सोडवायला ज्याचं पत्र त्याचाच अर्ज हवा, आणि पत्र त्याचं असल्याचा पुरावा पत्राच्या आत असणार, पण चौकशी पूर्ण झाल्याशिवाय पत्र उघडता येत नाही. चौकशीला किती दिवस? साधारण दोन महिने.

मी तशीच आत पोस्टमास्तरांच्या खोलीत शिरले. टेबलावर आमची पेटी होती. तिच्यामागे एक वाळकुडे गृहस्थ, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. मी बोलायला तोंड उघडलं. शिवणबाईंचा सल्ला आपोआप अमलात येईल अशी चिन्हं दिसू लागली. तेवढ्यात थोरली पुढे झाली आणि कुजबुजत बोलू लागली. तीन आठवड्यांची सवय. पोस्टमास्तरही नकळत कुजबुजू लागले. बाहेरच्या खिडक्यांवरची माणसं काय चाललंय ते ऐकू यावं म्हणून गप्प झाली.

"काका, ही टपालपेटी आहे का?"

"नाही. म्हणून तर गुन्हा."

"मग यातली पत्रं टपालात पडलीच नाहीत. ती तुम्ही कशी ठेवून घेता?"

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला. "आणि समजा, टपालपेटी आहे."

"तर मग पोहोचवायला हवीत ना? बुधवारची आहेत."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग हात पुढे करून तिच्याकडून वही मागितली. एकेक पान उलटलं. एकशे सोळा नोंदी, वेळेसकट, खाडाखोड नाही. मध्येच त्यांनी घंटी वाजवली आणि आमच्या पोस्टमनला बोलावलं. मला वाटलं, आता साक्ष होणार. पण त्यांनी फक्त बोट ठेवून एक ओळ त्याला वाचायला सांगितली.

अनुक्रमांक सात. पाठवणार, धाकटी. घेणार, पोस्टमनकाका. पत्ता माहीत नाही. बेवारस.

पोस्टमास्तरांनी बुटाच्या खोक्यातून ते पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत एकच ओळ होती. तुम्हाला कोणीच पत्र पाठवत नाही म्हणून मी पाठवते. खाली तीन वेळा चांदणी उमटवली होती.

तक्रार त्यानेच केली होती, हे मला तिथे कळलं. कोपऱ्यावरच्या खऱ्या पेटीत पत्रं कमी पडतात, असं कारण लिहिलं होतं. खरं कारण त्याने त्या दिवशी पायाकडे बघत सांगितलं.

"वहिनी, अकरा वर्षं तुमच्या फाटकात घंटी वाजवतोय. पोरं धावत यायची. पत्र असो नसो. आता तीन आठवडे झाले, टोप्या घालून उभी असतात, माझ्याकडे बघून मान हलवतात. म्हणजे मी कुणी दुसऱ्या खात्याचा."

धाकटीने त्याला समजावून सांगितलं की नोकरीच्या वेळेत बोलायला मनाई आहे, आईचा नियम आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पाहिलं होतं तसंच.

पोस्टमास्तरांनी निकाल लिहिला. सदर वस्तू टपालपेटी नसून खेळणे आहे, खेळणे जप्त करण्याची तरतूद नाही, परत करावे. खेळण्यात चुकून पडलेली खरी पत्रं आज प्रथमच टपालात आली असे समजावे. प्रत्येक पत्रावर त्यांनी स्वतः शिक्का मारला; एक धाकटीला मारू दिला, तो जरा वाकडा पडला. परीक्षा विभागाचं पाकीट मी बोटाने दाखवलं आणि उद्या बाराची वेळ सांगितली. कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, तिथला बटवडा दुपारनंतर जाई. पोस्टमनने ते पाकीट उचलून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. धाकटीचं पत्र तिथे आधीच होतं.

शनिवारी सव्वाअकराला आमच्या फाटकात घंटी वाजली. त्याच्या हातात पोच होती, वर कचेरीचा गोल शिक्का. तिन्ही मुलं धावत खाली गेली आणि मधल्याने इतकी मोठी आरोळी ठोकली की मावशींच्या हातून बादली सुटली. मी पोच घेऊन ह्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, पोहोचला हो तुमचा फॉर्म, वेळेत. हे त्या कागदाकडे पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "तुझी कमाल आहे." आनंदाने शब्द फुटेना, असा मी अर्थ लावला.

हे पास झाले. यादीत एकोणिसावे. दारावर पाटी लागली, आणि धाकट्या जावेला मी पुढची सगळी वर्षं खालच्या फाटकापर्यंत पोहोचवायला गेले.

हेडमास्तर आणि शिवणबाईंचा पत्रव्यवहार सुट्टी संपल्यावरही थांबला नाही. मुलं शाळेत गेल्यावर दोघं पत्रं जिन्याच्या कठड्यात खोचून ठेवू लागले. कुंड्यांचं पाणी मात्र शेवटपर्यंत पडत राहिलं. ते थांबलं असतं तर लिहायला विषय उरला नसता, असं मावशींचं मत. मावशी ब्याण्णव वर्षं जगल्या, सल्ले देत. पोस्टमन निवृत्त झाला त्या दिवशी आमच्या तिघांनी त्याला तीन पत्रं टाकली, आणि या खेपेला पत्ता ठाऊक होता.

थोरली वकील होणार असं सगळ्या इमारतीचं भाकीत होतं. ती बालवाडी चालवते. तिथे इतका कल्ला असतो की फोनवर तिचं बोलणं ऐकू येत नाही, आणि नियम विचारला तर एकही नाही म्हणते. मधला लाउडस्पीकर भाड्याने देतो. धाकटी फार लांब असते. रोज फोन करते, पण वर्षातून एकदा पत्रही येतं, पाकिटावर बुचाची चांदणी. बूच तिनेच नेलं. पेटी माझ्याकडे आहे, तिच्यात औषधं ठेवते.

हे एकोणीस वर्षं त्या खुर्चीत बसले. पोट सुटलं, पंख्याखाली सर्दी होऊ लागली. कधी तक्रार केली नाही. रविवारी मात्र पहाटेच उठून बाजारात जात आणि ओळखीच्या दुकानदारांचे तराजू उगीचच तपासून देत. निवृत्तीनंतरच्या वर्षी घरी पाहुणे आले होते, आणि मी ही सगळी हकिगत, फॉर्म मी कसा वाचवला ती, बहुधा शंभराव्यांदा सांगितली. पाहुणे गेले. हे कपबशा आत नेत होते. पेटीपाशी थांबून म्हणाले,

"अगं, ही मीच रंगवली होती. दोन हात दिले होते. मला ओळखू आली नसती होय?"

मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर खाली बसले. पायी हिंडणं, दुकानदारांशी गप्पा, मापांची ती जड पेटी, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मग विचारलं, अहो, मग तेव्हा बोलला का नाहीत?

"घरात बोलायची बंदी होती ना," हे म्हणाले, आणि पिशवी घेऊन बाजाराकडे निघाले. मी उठले, पायात चपला सरकवल्या आणि त्यांच्याबरोबर गेले. वाटेत ते प्रत्येक दुकानाशी थांबले. मी कुठेही घाई केली नाही.